गच्चीवरचे सोलर बंद का?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गच्चीवर सोलर वॉटर हीटर असूनही तो चार वर्षे बंद होता. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचले, दोन काचनळ्या फुटल्या आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर नुसत्या बैठका झाल्या. तोवर घरोघरी गीझर चालू! शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साडेचार युनिटांहून जास्त वीज लागते. तेच काम पुण्याचे ऊन वर्षातले बरेच महिने फुकट करते.

यंदा अखेर नळ्या बदलल्या, गरम पाण्याच्या पाइपांना आवरण घातले. आता सकाळी कढत पाणी येते. पावसाळ्यात गीझर लागतोच, ते मान्य; पण तो दिवसभर चालू ठेवण्याची गरज नसते.

सोलर बसवणाऱ्यांना महापालिका मिळकतकरात सवलत देते, हे चांगलेच आहे. मात्र ती देताना यंत्रणा खरोखर चालू आहे का, याची नियमित तपासणी व्हावी. सोसायट्यांनीही वार्षिक अंदाजपत्रकात क्षार काढण्यासाठी वेगळी रक्कम ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक सभासद, कोथरूड, पुणे