तुझ्या बंगल्याची चावी

विट्याजवळचं आपलं गाव,
फाल्गुन

प्रिय गड्या,

रामराम. परवा रात्री फोन ठेवता ठेवता म्हणालास, "एवढं कमावलं, पण सकाळी उठून दुकानात कशाला जायचं तेच कळंना झालंय." मी आपलं 'होईल रं सगळं नीट' म्हणून वेळ मारून नेली. मग झोप लागेना, म्हणून हे पत्र.

पैशानं सुख मिळत नाही, असं मी तुला सांगणार नाही. ते कीर्तनात बरं वाटतं. १९७२ च्या दुष्काळात आपण पाच वर्षांचे. तुझी आई नि माझी आई एकाच कामावर खडी फोडायच्या आणि आपण सुकडीच्या रांगेत. त्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आठवली की आजही घोटभर पाणी प्यावंसं वाटतं. आणि दादांचं मिरजेला ऑपरेशन ठरलं, तेव्हा न विचारता ऐंशी हजार पाठवलेस. परत द्यायला लागलो तर आठवडाभर फोन उचलला नाहीस. दादा त्यानंतर अकरा वर्षं जगले, रोज संध्याकाळी पारावर पान खात बसायचे. ते सुख कशानं आलं, तूच सांग.

तुझं दुखणं मला वेगळंच वाटतं. कोइमतूरच्या तुझ्या पहिल्या दुकानात मी चार दिवस राहिलो होतो. आठ बाय दहाची खोली, भट्टीवर मूस, ॲसिडचा तांबूस धूर. सोनारांच्या दुकानातली झाडलोट पोत्यानं आणायचास, जाळायचास, धुवायचास आणि त्या राखेतून सोन्याचा कण काढायचास. खोकून बेजार झाला होतास, पण टंच, म्हणजे सोन्याचा कस, मनासारखा निघाला की जत्रेतल्या कुस्तीत निकाल लागल्यासारखा ओरडायचास. गेल्या वर्षी आलो तर काचेच्या केबिनमध्ये मोबाईलवर भाव बघत बसला होतास. भट्टीपाशी आपल्याच तालुक्यातली पोरं. दोन दिवसांत तू एकदाही तिकडं फिरकला नाहीस. धूर वाईटच, डॉक्टरनं लांब राहा म्हटलं असेल तर राहा. पण पोरांना टंच शिकवायला काय धूर लागतो?

आता माझंही ऐक. तुझा बंगला उभा राहिला त्या वर्षी मी जळत होतो. बायकोला म्हणायचो, काय करायचाय एवढा संगमरवर, आणि मनात आपल्याही अंगणात तसलाच जिना बांधत होतो. टेंभू योजनेचं पाणी आलं तसं कर्ज काढून द्राक्षबाग लावली. द्राक्षाच्या हौसेनं लावली असती तर गोष्ट वेगळी; मी प्रत्येक घडात बंगल्याची वीट मोजत होतो. ऐन भरात अवकाळी आला, मणी फुटले. कर्ज फिटायला सहा वर्षं गेली. आता तिथं ऊस आहे. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत आपल्या माळावर आणलंय, रात्री पाटात त्याचा आवाज येतो. ते वेळेवर आलं असतं तर तू गेलाच नसतास, असंही कधीकधी वाटतं. जाऊ दे.

रयतच्या शाळेत असताना सर सांगायचे, कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांना जेवू घालायला अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. तेव्हा तू शेवटच्या बाकावरून हळूच विचारलं होतंस, "किती तोळ्याचं होतं?" सगळे हसले. मला आता तो प्रश्न वेडा वाटत नाही. ते मणी साताऱ्यात कुणाच्या तरी मुशीत वितळले असतील आणि त्याला पत्ताही नसेल. देणगी दे म्हणून हे लिहीत नाही, देवळाच्या फरशीवर तुझं नाव आधीच आहे आणि त्यावर आम्ही चपला काढतो. तुझ्या हाताखालून रोज लोकांची मंगळसूत्रं, पाटल्या जातात, म्हणून आठवलं.

राहिला बंगला. वर्षातून आठ दिवस तुम्ही राहता, यात्रेला नाहीतर लग्नाला. बाकीचे दिवस चावी माझ्या खुंटीला. सोफ्यावरची कापडं काढायला जीव होत नाही, माजघरात वाळवीनं दाराची चौकट धरली होती, ती औषध मारून थांबवली. पण गच्चीची गोष्ट तुझ्यापासून लपवलीय. दोन वर्षं झाली, चैत्रात गल्लीतल्या बायका तिथं कुरडया, पापड, सांडगे वाळवतात. एवढी सपाट, स्वच्छ, कोंबड्यांपासून सुरक्षित जागा गावात दुसरी नाही. पोरं राखण करतात आणि ओल्या कुरडया खातात. गेल्या वर्षी तुझी थोरली काकू नव्वदीत जिना चढून वर आली, म्हणाली, "शिवारभर सावली नव्हती तवा हा पोरगा कुठं बसायचा, आन् आता बघ."

पुढच्या महिन्यात पुन्हा सुरू होईल. जमलं तर तेव्हा ये. यात्रा नाही, लग्न नाही, असाच. टाकीची मोटर चालू करून ठेवतो.

आणि हो, गच्चीच्या दाराचं कुलूप गंजलं होतं, तोडून नवीन बसवलं. तीनशे साठ रुपये झाले. ऐंशी हजारांचा विषय काढू नकोस, हे तेवढे पाठव.

तुझा,
चावीवाला