नवीन क्लॅरिनेट फुंकण्यास जड जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष क्लॅरिनेट दुरुस्त करून किंवा बदलून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे बी-फ्लॅट क्लॅरिनेट मी ठाण्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून खरेदी केले असून, पहिल्यापासूनच ते फुंकायला फार जड जाते आणि खालचे सूर घुसमटलेले येतात. माझ्या या तक्रारीवर आपल्याकडून ‘२ नंबरची रीड (माऊथपीसवर बसवायची, फुंकेने कंप पावणारी वेताची पातळ पट्टी; नंबर लहान तितकी मऊ) लावा’ एवढेच उत्तर आले, ते मला मान्य नाही. मऊ रीडने फुंक हलकी होईल, परंतु स्वर पातळ होईल आणि जोराने वाजवताना उतरेल.

माऊथपीसचे (तोंडात धरायच्या भागाचे) टोक व रीड यांतील फट, जी साधारण १ ते १.२ मि.मी. असते, ती मोठी असून वर कडक रीड असेल तर दमसास लवकर संपतो, आणि नळीचा आतला व्यास व छिद्रांची घडण यांचाही फुंकेवर परिणाम होतो, हे मी जाणतो. मात्र माझा तोच माऊथपीस आणि तीच अडीच नंबरची रीड जुन्या प्लॅस्टिकच्या क्लॅरिनेटवर लावली असता सूर मोकळा येतो. म्हणजे दोष या दोहोंत नाही.

वरच्या भागाचे खालचे तोंड तळव्याने दाबून व सर्व छिद्रे बोटांनी बंद करून मी हवा ओढून पाहिली, तेव्हा ओढ क्षणभरही टिकली नाही, म्हणजे कुठूनतरी हवा गळते. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी एकेका पॅडखाली (चावीखालच्या, छिद्र झाकणाऱ्या गादीखाली) धरून ओढली असता, उजव्या हाताच्या वरच्या ट्रिल चावीखाली (दोन सूर झपाट्याने आलटून-पालटून वाजवण्याच्या चावीखाली) ती एका बाजूने अडकते आणि दुसऱ्या बाजूने सहज निसटते. पॅड तिरके बसवले आहे. ही गळती नळीच्या वरच्या टोकाजवळ असल्याने तिच्या खालचे जवळपास सगळेच सूर बिघडतात. ‘लाकूड नवे आहे, वाजवून मोकळे होईल,’ असे विक्रेत्याने सांगितले. वाजवल्याने तिरके पॅड सरळ होत नाही, हे सांगण्याची वेळ ग्राहकावर यावी, हे खेदजनक आहे.

तरी वरच्या भागातील सर्व पॅड आपल्या खर्चाने, जाणकार कारागिराकडून, माझ्यासमोर तपासून बसवून द्यावेत. ते शक्य नसल्यास वाद्य बदलून द्यावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणे मला भाग पडेल. पावतीची प्रत व गळतीची चित्रफीत सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)