दहा पीडांचा क्रम लावून दिल्याबद्दल

आदरणीय सर, शालोम.

वल्हांडण या ज्यू सणातल्या सेदेरसाठी, म्हणजे विधीच्या जेवणासाठी, आमचं मराठी टिपण चालू असताना, इस्राएल लोकांना सोडावं म्हणून देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांचा भाग तुम्ही मार्गी लावून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र मुद्दाम खुलं ठेवतोय. तुमची पद्धत इतरांच्याही कामी येईल.

प्राचीन ज्यू धर्मगुरू रब्बी यहूदांची 'देत्साख, अदाश, बेआहाव' ही पीडांच्या हिब्रू आद्याक्षरांची खूण पुण्यात 1874 साली निघालेल्या हिब्रू-मराठी हग्गादासारख्या (सेदेरमध्ये वाचायच्या पुस्तकासारख्या) जुन्या प्रतींपासून आपल्याकडे आहे. पाठांतराची सोय समजून सगळे ती भराभर म्हणून टाकतात. तुम्ही मात्र तिचा तक्ता करायला लावलात. पहिल्या ओळीत रक्त, बेडूक, उवा. दुसरीत श्वापदांचे कळप, गुरांची मरी, गळवं. तिसरीत गारा, टोळ, काळोख. थोरल्या अपत्यांचा मृत्यू खाली एकटा.

आता रकाने उभे वाचायचे. पहिल्या रकान्यात मोशे भल्या सकाळी मिसरचा राजा फारो याला गाठून बजावतो (बायबलातलं 'निर्गम' पुस्तक, 7:15, 8:16, 9:13). दुसऱ्यात 'फारोकडे जा' असा हुकूम येतो (7:26, 9:1, 10:1). तिसऱ्यात इशाराच नाही, थेट पीडा. मध्ययुगीन ज्यू भाष्यकार राशी यांचे नातू राशबाम यांनी हे बाराव्या शतकातच टिपलं होतं. वचनं शोधताना घोळ होतो तो आकड्यांचा: मराठी बायबलात आठवा अध्याय चार वचनं आधी सुरू होतो, म्हणून हिब्रूतलं 8:16 तिथे 8:20 वर सापडतं. ही टीप तुम्ही समासात लिहिली नसती तर निम्मे वाचक तिथेच अडकले असते.

आडव्या ओळींनाही अर्थ आहे. पहिल्या ओळीत काठी अहरोनच्या हाती, कारण, राशी म्हणतात, नदीने तान्ह्या मोशेला सांभाळलं आणि मातीने त्याने मारलेला मिसरी झाकला. उपकारकर्त्यावर हात कसा उगारणार? तिसरी ओळ मोशेची. मधली मात्र सरळ बसत नाही: श्वापदं आणि मरी थेट देवाकडून, गळव्यांसाठी राख दोघांनी उचलली. तुम्ही ते ओढूनताणून बसवलं नाहीत, हे फार बरं केलंत.

तनहुमा मिद्राश या जुन्या ज्यू भाष्यग्रंथातलं वेढ्याचं स्पष्टीकरण वेगळ्या पानावर घ्यायचा सल्लाही अचूक होता. राजा नगराला वेढा घालताना आधी पाणी तोडतो, मग शिंगं फुंकून घाबरवतो, मग बाण सोडतो: रक्त, बेडकांचा कल्लोळ, उवा. ही मांडणी एकामागून एक पीडा का, ते सांगते. तक्ता सांगतो इशारा कोणत्या पीडेआधी मिळाला. दोन्ही एकत्र केली की एकही धड उरत नाही. 'पीडा चढत्या क्रमाने भयंकर होत गेल्या' हे सोपं उत्तर तर गुरं मेल्यानंतर आलेल्या गळव्यांपाशीच डळमळतं.

बायबलातल्या स्तोत्र 78 आणि 105 मध्ये क्रम निराळा आहे, 105 तर काळोखापासूनच सुरू होतं. म्हणूनच रब्बींनी तोराचा (निर्गम ज्यात येतं त्या धर्मग्रंथाचा) क्रम खुणेत बांधून ठेवला, हे जुनं उत्तर आम्ही टिपणात घेतलंय.

आणि गारांची ती बारीक नोंद! जवस आणि सातू झोडपले गेले, गहू आणि खपल्या गहू उशिरा येणारे म्हणून वाचले (9:31-32), आणि पुढच्या पीडेत टोळांना खायला ते उरले. क्रमाचा याहून साधा पुरावा आम्हाला सापडला नाही.

छापील प्रत घरपोच पाठवतो. रकान्यांच्या रेघा तुम्ही सांगितल्या तशाच जाड ठेवल्या आहेत.

आपली,
टिपणाचं काम पाहणारी मंडळी