तारीख उतरवून घे, मग चुलीत घाल

गुहागर,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय शकू,

आठ महिने पत्र नाही. फोनवर नुसतं 'बरी आहेस ना, बरी आहे'. शिव्या घालत असशील, घाल. माझं बीपी, शुगर आहे तिथेच. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. तुझ्याकडे गॅस आहे, तरी घाल.

माझं अंग बाहेर येतं गो, गर्भाची पिशवी खाली उतरते. सहा वर्षं झाली. खोकला आला, हंडा उचलला, की लिंबाएवढं काहीतरी खाली उतरायचं. आडवं झालं की आत. सकाळी ठीक, दिवेलागणीला पाय टाकवत नसे. कुणाला म्हणून बोलले नाही. वरच्या आळीतली काकू आठवते? पाय फाकवून चालायची, आणि आपण विहिरीवरून तिच्या मागे तिची नक्कल करत यायचो. तू म्हणायचीस तिला वात आहे. वात नव्हता. एकदा तिने मागे वळून बघितलं होतं, काही बोलली नाही. हल्ली रात्री तेच डोळ्यासमोर येतं.

यंदा लावणीला वाकवेना, तेव्हा एसटी धरून रत्नागिरी गाठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करता येईल, पण शुगर बघता आधी अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवून बघू. कासार कसा हात दाबून बांगडीचं माप काढायचा, तसाच प्रकार, जागा तेवढी वेगळी. मऊ सिलिकॉनची रिंग, घावन दुमडावं तशी दुमडून घालतात, आत गेली की उघडते. पहिली ६५ मिलिमीटरची. मग म्हणाल्या खोका, जिना चढून या, लघवीला जाऊन या. लघवीला बसले आणि टपकन भांड्यात! मी तशीच ओरडले, सिस्टर धावत आली. दुसरी ७० ची, ती राहिली. आत आहे हे आपल्याला कळलंच नाही की माप बरोबर, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी ग्रीसमधले वैद्य याच कामाला अर्धं डाळिंब बसवायचे म्हणे. मी म्हटलं, बरं झालं ही विद्या आमच्या सुईणीला ठाऊक नव्हती, तिने फणस लावला असता.

परवा व्याडेश्वराच्या देवळापर्यंत चालत गेले. मध्ये कुठे टेकले नाही.

आता खरं ते. काही बायका रिंग आपली आपण काढतात, धुतात, परत घालतात. माझ्या पोटाने आणि गुडघ्यांनी ते जमायचं नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी जायचं. त्या काढून, आत कुठे सोललं नाही ना बघून, धुऊन परत घालणार. आठवड्यातून दोनदा रात्री मलम. पण रिंग विसरली तर आत जखम होते, मांसात रुतूनही बसते. आणि मला आई आठवते. शेवटी मलाच विचारायची, 'बाय, तू कुणाची?' मी तशी झाले तर आत काय आहे हे सांगणार कोण? सून गुणाची आहे, पण तिच्यासमोर जीभ उचलत नाही. मुलाला तर मेले तरी सांगायची नाही. फाईल साड्यांखाली आहे, निळ्या इरकलीच्या.

नववीत मास्तरांच्या खुर्चीला चिंचेचा कोळ कुणी लावला ते तूच फोडलंस. दोन वर्षं तुझ्याशी बोलले नव्हते, आणि अजून पुरतं माफ केलेलं नाही. पण फोनवर मी एकच गोष्ट तीनदा सांगायला लागले, की सुनेला फोन लाव आणि सगळं फोड. नंबर तुझ्याकडे आहे.

तुझ्या नातीचं बारसं झालं का? नाव काय ठेवलंत? गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतरच कर, मी येते. कोकम आगळ वाण्याच्या पोराबरोबर पाठवलंय, झाकण सैल आहे, बाटली उभी ठेव.

पुढची तारीख १२ ऑक्टोबर. आधी कॅलेंडरवर उतरवून घे, मग चुलीत घाल.

तुझीच,
कुसुम