मराठी नावे नाकारणारा कोड वेळीच पकडा: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी अंधेरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. शासकीय पोर्टलचा कोड आपोआप तपासणारे नियम शासनाने तयार करावेत आणि ते मुक्त स्रोत परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येतील असे, सर्वांसाठी खुले करावेत, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र.

कोड तपासणारी साधने जुनीच आहेत. बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांचे 'लिंट' १९७८ सालचे. आज जावास्क्रिप्ट, पायथन आणि जावा या प्रोग्रामिंग भाषांसाठी अनुक्रमे ईएसलिंट, पायलिंट आणि पीएमडी आहे आणि तिन्ही खुली आहेत. प्रोग्राम न चालवता ती कोड वाचतात आणि खटकणाऱ्या ओळीवर बोट ठेवतात. मग शासनाने वेगळे काय करायचे? मराठीपुरते बोलायचे तर बरेच काही.

'शिंदे' हे आडनाव घ्या. युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीच्या चिन्हाला क्रमांक देणारी पद्धत; तिच्या हिशेबात ती पाच चिन्हे: श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा. त्यातली दोनच 'अक्षर' या वर्गात बसतात, उरलेली तीन अक्षराला जोडून येणाऱ्या चिन्हांच्या वर्गात जातात. डेव्हलपरने नावाच्या रकान्याला 'फक्त अक्षरे चालतील' अशी अट घातली की शिंदे नापास! इंग्रजीच्या सवयीने अशी अट सहज लिहिली जाते. 'कमल' पास होते, 'कमला' अडकते. चाचणीत नेमके 'कमल' टाकले गेले तर दोष कुणाच्या लक्षातही येत नाही आणि पोर्टल तसेच लोकांसमोर जाते. दुसरा प्रकार 'कऱ्हाडे'चा. काही कीबोर्डवर त्यातला र एका अदृश्य जोडचिन्हाने उमटतो. सुरक्षेसाठी म्हणून कोडने अदृश्य चिन्हे गाळली की डेटाबेसमध्ये 'कर्हाडे' जाते. उद्या दुसऱ्या कागदपत्राशी नाव जुळले नाही, तर हेलपाटे त्या माणसाला.

हे दोष पकडणारा नियम मोजक्या ओळींत लिहिता येतो. वरच्या साधनांच्या नेहमीच्या यादीत तो नाही, पण आपला नियम जोडायची सोय तिन्हींत आहे. आज हे काम प्रत्येक कंपनीने आपापले करायचे, म्हणजे बहुतेकदा कुणीच करायचे नाही. जगातली कोणतीही मोठी कंपनी मराठीसाठी हे आधी करील, असे मला वाटत नाही. राजभाषा अधिनियम ज्या शासनाचा आहे, त्यानेच ते करायला हवे.

पायंडाही आहे. शासकीय ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आणले आणि २०२० मध्ये आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड खुला केला. माझी मागणी त्याहून लहान आहे. पोर्टलचा कोड, पासवर्ड, नागरिकांची माहिती यांतले काहीच उघडे करायचे नाही. उघडे करायचे ते फक्त तपासणीचे नियम. निविदेतच लिहा की कोड या नियमांतून पार झाल्याशिवाय अंतिम बिल निघणार नाही. कंत्राटदार आणि तपासणारा अधिकारी यांच्या हातात एकच यादी असेल, तर वादही कमी होतील.

माणसे मुंबईतच आहेत. पवईच्या आयआयटीत मुक्त सॉफ्टवेअरचा 'फॉसी' प्रकल्प चालतो, माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. सुरुवात नाव आणि पत्ता या दोन रकान्यांपासून करावी. त्यांचे पहिले नियम मी आणि माझे सहकारी विनामूल्य लिहून देऊ. ते कुठल्या रिपॉझिटरीत (कोड साठवण्याच्या ऑनलाइन जागेत) ठेवायचे, तेवढे आपल्या विभागाने कळवावे.

आपली विश्वासू,
अंधेरीतील एक सॉफ्टवेअर अभियंता