रॅम्प झाला, आता चित्रापर्यंत पोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की बडोद्यात चित्र-शिल्पांची प्रदर्शने एकामागून एक भरू लागतात. काही ठिकाणी दाराशी रॅम्प दिसतो, पण पुष्कळदा तो म्हणजे नुसती टाकलेली फळी. हिशेब साधा आहे: एक फूट चढायला बारा फूट उतार. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना ५.४ मीटर लांबी लागते. दोन मीटरची फळी टाकली तर ढकलणाऱ्याचा दम जातो आणि उतरताना व्हीलचेअर पुढे कलंडते. वर दारासमोर दीड मीटर सपाट जागा सोडायची, हे तर कोणी धरतच नाही. मग दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घसरते.

आणि रॅम्प दारापर्यंतच नेतो. आत चित्राचा मध्य साधारण दीड मीटरवर धरून टांगतात. खुर्चीत बसलेल्याची नजर १.१ ते १.२ मीटरवर असते. मोठ्या कॅनव्हासला फारसे बिघडत नाही, पण काच लावलेल्या लहान मुद्राचित्रात (ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रात) खालून पाहिले की दिव्याची चमकच दिसते. मध्य १.३ मीटरच्या आसपास आणला तर दोघांचेही भागते. भिंतीतून दहा सेंटिमीटरहून अधिक पुढे आलेले शिल्प पांढऱ्या काठीला लागत नाही, थेट डोक्याला लागते. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर चौथरा ठेवावा. चित्राखालच्या माहितीपट्टीची अक्षरे निदान १८ पॉइंट, ठळक आणि चमक नसलेल्या कागदावर हवीत. देवनागरीत बारीक टाइपातल्या मात्रा-अनुस्वार आधी पुसट होतात. कागदावरच्या कामांना जपण्यासाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास, म्हणजे मंदच, ठेवतात, तो ठेवावाच, पण पट्टीवर वेगळा छोटा दिवा सोडता येतो.

सर्वांत जास्त चुका स्पर्शचित्रात, म्हणजे अंधांना बोटांनी पाहता यावे म्हणून रेषा उठवून केलेल्या चित्रात, होतात. मूळ चित्रातली प्रत्येक रेषा उठवली की बोटांखाली नुसता गुंता होतो. डोळा चित्र एकदम पाहतो, बोट तुकड्या-तुकड्याने जोडत जाते. तीन मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन रेषा एकच वाटतात. म्हणून छाया आणि दूरची पार्श्वभूमी गाळावी, एका पानावर मांडणी घ्यावी, दुसऱ्यावर चेहरा किंवा हात मोठा करून द्यावा. पोत चार-पाचांच्या वर नकोत. जाड पुठ्ठा, सुतळी, सँडपेपर, कापड आणि फेविकॉल एवढ्यावर काम भागते. मात्र रात्रभर वाळू द्यावे आणि सांडलेले गोंदाचे थेंब खरवडून काढावेत, कारण बोटांना तो थेंबही चित्राचाच भाग वाटतो.

ब्रेलची पाटी भिंतीवर उभी लावली की मनगट मुरडते. ती टेबलावर उतरती ठेवावी. टिकाऊ व्हावी म्हणून गरम लॅमिनेशन केले तर ठिपकेच चेपतात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या सामायिक ब्रेल लिपीत, गुजराती आणि मराठी ‘क’ला एकच ठिपके आहेत, तेव्हा आपल्या शहरात लिपीची अडचण पुढे करता येणार नाही. श्राव्य वर्णनासाठी क्यूआर कोड लावायचा तर त्याला उठावदार चौकट द्यावी आणि तो प्रत्येक चित्राजवळ एकाच जागी असावा, नाहीतर न दिसणाऱ्याला तो सापडणार कसा? वर्णनात आधी आकार व माध्यम, मग मांडणी, मग बारकावे यावेत. रंग वगळू नयेत. नंतर दृष्टी गेलेल्यांना ते आठवतात. कर्णबधिरांसाठी व्हिडिओवर मजकूर आणि उद्घाटनाला सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, त्याच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर मागच्या उजेडात हात दिसत नाहीत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये कला दिव्यांगांना सुगम करण्याची तरतूद आहे. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी गेल्यावरही कागद कापून कामे केली, शांतिनिकेतनात टाइल्सचे भित्तिचित्र उभे केले. त्यांचेच शिष्य के. जी. सुब्रमण्यन यांनी बडोद्यात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या. त्या बडोद्यात अंध माणसाला प्रदर्शनात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवावे, हे आम्हांला फार खुपते.

दालन देणाऱ्या संस्थांना विनंती आहे की त्यांनी आरक्षणाच्या अर्जातच या सोयींची विचारणा करावी, आणि उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, हातोडी-खिळे हाताशी असतानाच, अंध, कर्णबधिर आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रेक्षकांना बोलावून मांडणी तपासून घ्यावी.

— प्रदर्शन-मांडणीचे काम करणारे काही वाचक, दांडिया बाजार, बडोदे