द्यायचं तर सरसकट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या पेपरात युनिव्हर्सल बेसिक इन्कमवरचा लेख वाचला, रात्री झोप लागेना म्हणून लिहितोय. लेखक म्हणतात असे गरीब-श्रीमंत न बघता सगळ्यांना दरमहा पैसे देणं आपल्यासारख्या देशाला परवडणार नाही, लोक आळशी होतील, त्यापेक्षा 'खरे गरजू' शोधून त्यांनाच द्यावं. शोधतात कसं ते मी आमच्या आत्तीच्या घरी बघितलंय.

आत्ती बेळगावच्या पश्चिम भागात राहते. विधवा बाई, दीड एकर भात, काजूच्या दिवसात दुसऱ्याच्या बागेत रोजानं जाते. ऑगस्ट 2023 ला कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली, घरच्या प्रमुख बाईला महिन्याला 2,000 रुपये, गल्लीतल्या बायकांचे आले, हिचे नाहीत. का, तर रेशन कार्डावर यजमानी, म्हणजे घरची प्रमुख, म्हणून अजून तिच्या सासूचं नाव, आणि सासू जाऊन नऊ वर्षं झालेली. बदलायला गेलो तर दुरुस्ती बंद आहे, दुरुस्ती चालू झाली तर सर्व्हर डाऊन, सर्व्हर आला तर आधारला नावापुढं 'बाई' आहे आणि कार्डाला नाही, ते जुळवलं तर बँक म्हणते खातं आधारला लिंकच नाही. दर खेपेला एक रोज बुडाला, सायबरवाल्याचे पैसे वेगळे. एकदा सकाळी दहापासून बाकावर बसलो आणि चार वाजता कळलं की साहेब आज येणारच नाहीत. आत्ती एक शब्द बोलली नाही, डबा उघडून मला निम्मी भाकरी दिली. पहिला हप्ता आला तो चौदा महिन्यांनी, मागचं काही मिळालं नाही. ही बाई गरजू नव्हती काय?

आणि त्याच आत्तीला शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बसचा फुकट प्रवास, पहिल्या दिवसापासून मिळाली. 11 जून 2023 ला सुरू झाली, कंडक्टरला आधार दाखवलं, शून्याचं तिकीट हातात. तिथं गरीब कोण, श्रीमंत कोण कुणी विचारत नाही म्हणून मिळाली. सरसकट असलं की असं पोचतं, एवढंच मला सांगायचंय. थोरली आत्ती पलीकडं महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात दिलेली, तिला लाडकी बहीणचे 1,500 नाहीत कारण वय 65 च्या वर गेलं. बॉर्डरच्या दोन्ही बाजूला नियम वेगळे, बाहेर राहिल्या दोघी.

आळशी होतील म्हणणाऱ्यांनी मध्य प्रदेशचा प्रयोग वाचावा. 2011-12 च्या सुमाराला 'सेवा' (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत सगळ्यांना पैसे दिले, मोठ्यांना महिन्याला 200 आणि मुलांना 100, पुढं 300 आणि 150. लोकांनी बी-बियाणं घेतलं, शेळ्या घेतल्या, बरेच जण दुसऱ्याकडं राबायचे ते स्वतःच्या शेतात जास्त राबायला लागले.

खर्च मोठा आहे हे मी मान्य करतो. 2016-17 च्या आर्थिक पाहणीत माणशी वर्षाला 7,620 रुपये धरले होते, म्हणजे महिन्याला 635, आणि त्यातही वरचे 25 टक्के लोक सोडून खर्च जीडीपीच्या 4.9 टक्के येत होता. सोपं नाहीच. पण म्हणून रेशन बंद करून त्या पैशातनं हे द्या असं कुणी म्हणत असेल तर माझा त्याला विरोध आहे. 2023 मध्ये कर्नाटकात रेशनवरच्या जादा 5 किलो तांदळाऐवजी किलोला 34 प्रमाणे माणशी 170 रुपये खात्यावर आले, त्या दरात आम्हाला दुकानात खाण्यासारखा तांदूळ मिळत नव्हता. तांदूळ तांदूळच राहू दे, पैसे वरून द्या.

आणखी एक, राहवत नाही म्हणून लिहितो. हे सगळे फॉर्म नुसत्या कन्नडमध्ये. आत्तीला कन्नड बोललेलं कळतं, वाचता येत नाही, कशावर अंगठा दिला हे तिला आजही माहीत नाही. जिथं 15 टक्क्यांच्या वर मराठी माणसं आहेत तिथं मराठीतून कागद द्या म्हणून आपण किती वर्षं मागतोय. तुमच्या पेपरानं त्यावर पहिल्या पानावर लिहावं, आणि कालच्या लेखकांना सांगावं की एकदा आमच्याकडं या, आत्तीची फाईल मी जपून ठेवलीय, सगळी दाखवतो.

आपला,
एक वाचक, बेळगाव